प्लास्टिकच्या पोटातली वीज

वरोऱ्याजवळ केबलचा जोड फुटला तेव्हा संघमित्रा खोब्रागडे पुण्यात प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये चहा घेत होती. बातमी तिला कंपनीच्या आधी बहिणीकडून कळली.

"ताई, जोड गेला," यशोधरा फोनवर ओरडूनच बोलत होती. मागे गाडीचा आवाज होता. "अख्खं चंद्रपूर बंद झालं. मी साइटवर निघाली. तू आईले फोन कर, म्हण घरीच राय, उन्हात कुठं जाऊ नको."

यशोधरा त्याच केबलवर जॉइंटर होती. केबल कितीही लांब असली तरी ती तुकड्यांनीच येते. ते तुकडे जमिनीखालच्या खड्ड्यात बसून सोलायचे, तांब्याला तांबं जोडायचं, त्यावर पुन्हा प्लास्टिकचा थर चढवायचा, हे तिचं काम. विदर्भात या हुद्द्यावर ती एकटीच बाई होती आणि तिच्या हाताचा जोड आजवर एकदाही फुटला नव्हता. हा फुटलेला जोडही तिचा नव्हता.

कोकणच्या समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांची वीज या केबलमधून पार चंद्रपुरापर्यंत यायची. कोळशाच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या पाडून बरीच वर्षं झाली होती. शहराची हवा स्वच्छ झाली होती, पण ऊन मात्र वर्षागणिक चढत गेलं होतं. त्या मे महिन्यात पारा एकोणपन्नासाच्या खाली यायला तयार नव्हता. ज्यांच्या छपरावर सौरपट्ट्या होत्या त्यांचे पंखे निदान दिवसा फिरत. ज्यांच्या डोक्यावर टिनाचे पत्रे होते त्यांच्यासाठी नगरपालिकेनं जागोजागी गारवा-घरं उघडली होती. म्हणजे शाळांची सभागृहं, त्यात मोठाले कूलर. लोक सकाळीच मुलंबाळं घेऊन तिथे जात आणि ऊन उतरल्यावर घरी परतत. ते सगळे कूलर या एका केबलवर चालत होते.

चहा अर्धाच राहिला. वीजवाहिनी कंपनीच्या मुख्य अभियंत्यांचा, निमजे साहेबांचा फोन आला.

"मॅडम, नियम तीन दिवसांचा आहे हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "नियम तुमच्याच गणितावरून झाला, म्हणून तुम्हालाच विचारतो. कमी करता येईल का?"

"जोडाच्या जागेचं तापमान पाठवा. मी बघते. पण साहेब, मला नाही वाटत."

"बघा तर खरं," निमजे म्हणाले. त्यांचा आवाज विनवणीचा होता.

*

त्या नियमामागचं शास्त्र संघमित्रानं अनेकदा अनेक लोकांना समजावलं होतं. शेवटी शेवटी ती ते एखाद्या गोष्टीसारखं सांगायची.

तारेवर प्लास्टिक असतं ते वीज बाहेर येऊ नये म्हणून. सगळ्यांना वाटतं, प्लास्टिकमधून वीज जातच नाही. जाते. फार थोडी आणि फार हळू. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. एखाद्या बाईनं लोकर उसवून टोपलीत टाकावी तसा. त्या गुंत्यात जिथे धागा तुटलेला असतो, वाकलेला असतो, किंवा काही परका कण अडकलेला असतो, तिथे इलेक्ट्रॉनसाठी एक खड्डा तयार होतो. तांब्यातून निसटलेला इलेक्ट्रॉन प्लास्टिकमध्ये शिरतो आणि असल्या एखाद्या खड्ड्यात पडतो. उष्णतेनं सगळे रेणू सतत थरथरत असतात. त्या थरथरीचा एखादा जोराचा धक्का बसला की इलेक्ट्रॉन खड्ड्यातून उडी मारतो आणि शेजारच्या खड्ड्यात जाऊन पडतो. खड्डा उथळ असेल तर क्षणात सुटका. खोल असेल तर तासन्‌तास, दिवसेंदिवस तो तिथेच.

संघमित्रानं आपली उमेदीची वर्षं या उड्या मोजण्यात घालवली होती. कोणत्या खोलीच्या खड्ड्यातून, किती तापमानाला, किती दाबाखाली इलेक्ट्रॉन किती वेळात सुटेल, हे तिचं संगणकातलं प्रारूप सांगायचं. एकेका इलेक्ट्रॉनचं नाही, कोट्यवधींच्या झुंडीचं.

नवं प्लास्टिक बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली होती. त्यांनी त्यात एका खनिजाची अतिशय बारीक भुकटी मिसळून मुद्दाम खोल खड्डे तयार केले. इलेक्ट्रॉन त्यात पडून गप्प बसतो, धावपळ करत नाही, प्लास्टिकला भोक पाडत नाही. त्यामुळे पातळ थरावर प्रचंड दाबाची वीज नेता येऊ लागली. समुद्रापासून चंद्रपूर जोडता आलं ते त्यामुळेच.

त्याची किंमत मात्र होती. केबल बंद केली आणि तांबं जमिनीला जोडलं की तांब्यातली वीज निघून जाते. प्लास्टिकच्या पोटात अडकलेले इलेक्ट्रॉन जात नाहीत. ते तिथेच बसून राहतात. अशा प्लास्टिकमध्ये पोलादाचं टोक घुसलं तर त्या झुंडीला एकदम वाट सापडते आणि सगळा प्रभार, म्हणजे साठलेली वीज, एका क्षणात त्या टोकाकडे धाव घेतो. ही केबल नवी होती तेव्हा चाचणीच्या मैदानावर एका जॉइंटरनं बंद केबलला सुरी लावली होती. तो वाचला नाही. त्यानंतर संघमित्राचं प्रारूप वापरून नियम ठरला: केबल बंद केल्यापासून तीन दिवस तिला सुरी लावायची नाही.

तिनं वरोऱ्याचे आकडे प्रारूपात घातले. उत्तर तेच आलं.

*

प्लास्टिकमधला प्रभार बाहेरून ऐकण्याचं एक यंत्र प्रयोगशाळेत होतं. केबलला वरून विजेचा बारीकसा झटका द्यायचा. आत प्रभार असेल तर तो जागच्या जागी हादरतो, त्याचा अतिसूक्ष्म ध्वनी उठतो, आणि त्यावरून कुठे किती प्रभार आहे ते कळतं. संघमित्रा ते यंत्र पेटीत भरून विमानानं नागपूरला उतरली आणि तिथून गाडीनं वरोऱ्याला पोचली.

खड्ड्यावर कापडी मांडव घातला होता. खाली उतरल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. यशोधरा फुटलेल्या जोडाशेजारी उकिडवी बसली होती. चेहरा उन्हानं रापलेला, डोक्याला ओला दुपट्टा. तिच्याबरोबर तुळशीराम मडावी होता, तिचा जुना जोडीदार. त्यानंच तिला या कामात तयार केलं होतं.

"आली का ताई," यशोधरा म्हणाली. "लाव तुझं मशीन. लोक मरून रायले तिकडं."

"आई कुठंय?"

"कुठं असंल? शाळेतल्या हॉलमध्ये. घरी राय म्हटलं तं म्हणते, बायांले टाकून कशी येऊ."

आई, मंदाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झाली होती. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेली होती, कुणी खिचडी खाऊन, कुणी पाटीवर अक्षरं गिरवून. तिच्या स्वतःच्या छपरावर मुलींनी सौरपट्ट्या बसवून दिल्या होत्या. तिला शाळेच्या सभागृहात जायची काही गरज नव्हती.

पहिल्या दिवशी यंत्रानं प्लास्टिकमध्ये भरपूर प्रभार दाखवला. ते अपेक्षितच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट झाली.

यशोधरानं संघमित्राच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "गेला न प्रभार?"

"दिसत नाहीये."

"मग?"

"दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे, यशू. हे यंत्र बेरीज ऐकतं. धन आणि ऋण प्रभार एकमेकांना चिकटून बसले असतील तर त्यांचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, यंत्राला काहीच ऐकू येत नाही. प्रारूप म्हणतंय उद्या दुपारपर्यंत थांबा."

निमजे साहेब खड्ड्याच्या काठावर उभे होते. ते खाली उतरले नाहीत, वरूनच बोलले. "मॅडम, मशीन म्हणतं शून्य. कॉम्प्युटर म्हणतो थांबा. मी कुणाचं ऐकू? आज सुरी लावली तर उद्या लाईट येईल. उद्या लावली तर परवा. एका दिवसात त्या हॉलमध्ये काय होईल ते तुम्हाला सांगायला नको."

"माझं ऐका," संघमित्रा म्हणाली. "तीन दिवसांच्या आत कापायचं तर परवानगी माझ्या सहीनं मिळते. मी आज देणार नाही."

"मी लावते म्हणते न सुरी!" यशोधरा उसळली. "हात माझे आहेत. मले नाई भेव. तुळशीभाऊ, बोला न तुम्ही."

तुळशीरामनं मान खाली घातली. "मॅडम म्हणते तं थांबू पोरी. त्या मैदानावर मी होतो त्या दिवशी. मी पायलं हाय."

यशोधरानं सुरी कापडात गुंडाळली आणि दूर जाऊन बसली.

*

संध्याकाळच्या आत परतायचं ठरवून संघमित्रा चंद्रपूरला गेली. आईला हाताला धरून घरी नेऊन सोडायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

सभागृहात शिरताच गरम हवेचा लोट अंगावर आला. खिडक्यांना ओली पोती बांधली होती, ती वाळून कडक झाली होती. फरशीवर माणसं आडवी पडली होती. कुणी कण्हत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. एका कोपऱ्यात दोन चादरी डोक्यापर्यंत ओढलेल्या होत्या. आई एका म्हातारीच्या पायांवर ओला फडका ठेवत होती. तिचे स्वतःचे ओठ फुटले होते.

"आई, घरी चल. मी गाडी आणली आहे."

"अन् ह्या बाया?"

"आई, तुझं वय..."

"ह्यांचं वय तरी काय वेगळं हाय?" आईनं फडका पिळला. मग ती भिंतीला टेकून बसली आणि लेकीला शेजारी बसवून घेतलं. "मले एक सांग. लोक म्हणते का तुह्या सांगण्यानं काम थांबलं. खरं हाय?"

"हाव, आई."

"काऊन थांबवलं?"

संघमित्रानं इलेक्ट्रॉन, खड्डे, प्रारूप यातलं काही काढलं नाही. "बंद केबलमध्येही वीज अडकून राहते. आज कापलं तर कापणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. उद्या दुपारनंतर नाही."

"कापणार कोन?"

"यशू."

शेजारी पडलेल्या एका बाईनं कूस बदलली, तिच्या तोंडाशी आईनं पाण्याची वाटी धरली.

"तिले काही व्हाले नाई पायजे," आई म्हणाली. "मंग थांबा. आमी थांबतो."

"तू तरी चल ना."

"आता मी उठून गेली तं ह्या काय म्हनतीन? पोरीनं थांबवलं अन् माय पंख्याखाली गेली." ती किंचित हसली. "जाय तू. तिच्यापाशी राय."

संघमित्रा पाण्याचे कॅन, मीठ-साखरेच्या पुड्या, मिळेल तेवढा बर्फ आणून देऊन परतली. आई दारापर्यंत आली नाही. कुणीतरी तिला हाक मारली होती, ती तिकडे वळली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायला लागलं तेव्हा शेजारच्या बाईचा फोन आला. मंदाबाई बसल्या बसल्या कलंडल्या होत्या. दवाखान्यात नेलं, पण जनरेटरवर जेवढ्या खाटा चालत होत्या त्या सगळ्या भरलेल्या होत्या. नंबर लागायच्या आत त्या गेल्या.

फोन यशोधराच्या हातात होता. तिनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, फोन खिशात टाकला. मग खड्ड्यात उतरून केबलशेजारी बसली आणि घड्याळाकडे बघत राहिली. संघमित्रा तिच्याजवळ जायला लागली तर तिनं हातानंच थांबवलं.

दुपारी तीन दिवस पुरे झाले. संघमित्रानं परवानगी दिली. यशोधरानं कापडातून सुरी काढली, केबलला लावली, आणि गोल फिरवत प्लास्टिकचा थर उतरवायला सुरुवात केली. तिचे हात नेहमीसारखेच स्थिर होते. सालपटं एकामागून एक खाली पडत राहिली. काही झालं नाही. फुटलेल्या जोडाच्या दोन्ही बाजूंची टोकं तिनं कापून बाजूला ठेवली, नवा जोड बसवला, आणि दुसऱ्या दिवशी काम पूर्ण झाल्यावरच आईच्या अंत्ययात्रेला गेली. तोपर्यंत वस्तीतल्या लोकांनी सगळी तयारी केली होती. त्रिशरण म्हणायला वस्तीतल्या बाया जमल्या होत्या. त्या तीन दिवसांत त्यांच्याही घरांतलं कुणी ना कुणी गेलं होतं.

घरी परतल्यावर यशोधरा पहिल्यांदा बोलली.

"मशीन म्हणत होतं काही नाई रायलं."

"मशीनला सगळं दिसत नाही, यशू."

"अन् तुले दिसते?"

संघमित्राच्या अगदी ओठांवर आलं होतं, की आईच म्हणाली थांबा, तुझ्यासाठी म्हणाली. पण ते वाक्य बोललं तर ते यशूला जन्मभर वाहावं लागलं असतं. ती गप्प बसली. यशोधरानं त्या गप्प बसण्याचा आपल्या परीनं अर्थ लावला आणि आतल्या खोलीत निघून गेली.

बाहेर अंधार पडला होता. तेवढ्यात वीज आली आणि पंखा फिरायला लागला. वस्तीत कुठेतरी मुलं आरोळ्या देत होती.

*

पुढे जवळपास महिनाभर दोघी बोलल्या नाहीत. फुटलेल्या जोडाची टोकं तपासणीसाठी पुण्याला आली आणि प्रयोगशाळेच्या थंड खोलीत पडून राहिली. जोड का फुटला ते शोधायचं काम इतरांचं होतं, त्यांनी एक टोक नेलं. दुसऱ्याला संघमित्रानं हात लावला नाही.

जून अर्धा सरला तरी विदर्भात पाऊस नव्हता. एका सकाळी यशोधरा न कळवता प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली. खांद्यावर पिशवी, चेहरा उतरलेला.

"मले पाहायचं आहे," ती म्हणाली. "ते टोक. त्यात काही होतं का नव्हतं."

"बस आधी. पाणी घे."

"ताई, मी दुसऱ्या दिवशी कापलं असतं तर काय झालं असतं? एवढं सांग. बाकी मले काही नको."

"ते आता नाही कळायचं." संघमित्रा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "प्रभार होता तरी तिसऱ्या दिवशी निघून गेला. आता त्या तुकड्यात काही असणारच नाही. टोचून बघितलं तरी नुसतं प्लास्टिक."

"मग टोच. नुसतं प्लास्टिकच पाहू."

त्या हट्टात काहीतरी असं होतं की संघमित्राला नाही म्हणवलं नाही. तिनं थंड खोलीतून तो तुकडा आणवला आणि जाड काचेमागच्या चौकटीत बसवला. वर पोलादी टोचा होता, जमिनीला जोडलेला. बाहेरून दांडा ओढला की तो खाली येई. चाचणीची ही नेहमीची पद्धत होती.

"मी ओढते," यशोधरा म्हणाली.

तिनं दांडा ओढला. टोचा प्लास्टिकमध्ये शिरला, आणि काचेमागे असा लखलखाट झाला की दोघींचेही हात आपोआप डोळ्यांवर गेले. आवाज एखाद्या फटाक्यासारखा, खोलीभर घुमला. बाहेरून कुणीतरी धावत आलं आणि दारातच थबकलं.

डोळ्यांपुढची हिरवी-जांभळी वलयं विरल्यावर संघमित्रानं चौकट उघडली. दुधी प्लास्टिकच्या आत एक झाड उगवलं होतं. टोच्यापासून निघालेलं जाड खोड, त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या, केसाहून बारीक होत होत सगळ्या तुकडाभर पसरलेल्या. प्रभार ज्या ज्या वाटेनं धावला ती प्रत्येक वाट प्लास्टिकमध्ये जळून उमटली होती.

यशोधरानं तुकडा हातात घेतला आणि उलटा करून कापलेली बाजू पाहिली. तिच्या सुरीची गोल रेघ अजून स्वच्छ होती. आपली कापायची पद्धत ती कुठेही ओळखली असती. तिनं रेघेवर अंगठा ठेवला. झाडाच्या सगळ्यात बाहेरच्या फांद्या तिथून नखभर अंतरावर थांबल्या होत्या.

"महिन्यानंतर एवढं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मी कापत होती तेव्हा तं पूर्ण भरलेलं होतं."

"हो."

"तिसऱ्या दिवशी."

"हो."

"मग दुसऱ्या दिवशी कापलं काय अन् तिसऱ्या दिवशी कापलं काय."

संघमित्रानं होकारार्थी मान हलवली. ती टेबलाला टेकली. काय झालं असावं ते तिच्या डोक्यात आपोआप जुळत चाललं होतं. तिनं प्रारूप रचलं ते नव्या, कोऱ्या प्लास्टिकवरून. ही केबल सहा वर्षं तापत होती, आणि ते उन्हाळे पूर्वी कुणी पाहिले नव्हते. त्या तापानं रेणूंचे धागे तुटले होते, आणि प्रत्येक तुटलेल्या धाग्यानं खड्डा आणखी खोल केला होता. इतकी जुनी केबल आजवर कुणी तपासली नव्हती, कारण इतकी जुनी केबल कुठे नव्हतीच. प्रारूपाला जे माहीत होतं त्यातलं काही चुकीचं नव्हतं. त्याला या प्लास्टिकचं वय माहीत नव्हतं.

"मी नुसती नशिबानं वाचली," यशोधरा म्हणाली. "सुरी नखभर इकडं राहिली म्हणून. थांबल्यानं नाई. अन् आई..."

यशोधरानं तुकडा टेबलावर ठेवला, फार जपून, जणू तो फुटेल. बहिणीनं तिचे हात आपल्या हातांत घेतले. महिन्याभरात पहिल्यांदाच. यशोधरानं सोडवून घेतले नाहीत.

आणि मग यशोधरानं झटक्यात मान वर केली.

"ताई. हिंगणघाट."

संघमित्राला क्षणभर कळलं नाही.

"केबलच्या वर्ध्याकडच्या फाट्यावर जोड गेला शुक्रवारी. तुळशीभाऊ आहे तिथं. आज तीन दिवस पुरे झाले."

*

निमजे साहेबांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. संघमित्रानं जे पाहिलं ते चार वाक्यांत सांगितलं.

"किती थांबायचं मग?" त्यांनी विचारलं. "आठवडा? दोन आठवडे?"

"मला सांगता येत नाही."

"मॅडम, हिंगणघाटात आज सत्तेचाळीस आहे. तिथेही हॉल आहेत. मी कलेक्टरांना काय सांगू? काहीतरी आकडा तर द्या."

"माझ्याकडे आकडा नाही, साहेब. तीन दिवस सांगितले होते ते चुकले. आता मी खोटा आकडा सांगणार नाही. सुरी लावू नका, एवढंच सांगते. तुम्ही काम थांबवा."

"मी साइटवर नाही, नागपुरात आहे," निमजे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता. "त्यांनी सुरुवात केली असेल आता."

यशोधरानं तोवर आपला फोन कानाला लावला होता. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. खड्ड्यात उतरलेला माणूस फोन वर काठावर ठेवून जातो, हे तिला माहीत होतं. तिनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर कुणीतरी उचलला आणि तिनं किंचाळूनच तुळशीरामचं नाव घेतलं.

"काय झालं पोरी?" फोन खाली खड्ड्यात पोचला होता, तुळशीरामचा आवाज आला. धाप लागलेली होती.

"तुळशीभाऊ, सुरी कुठं आहे?"

"हातात. आताच वरचं कवच काढलं. काऊन?"

"खाली ठेवा."

"अगं पण..."

"भाऊ, आत वीज आहे. मी पायली. माझ्या डोळ्यानं आत्ताच पायली. त्या मैदानावरच्यासारखी. खाली ठेवा सुरी अन् वर या."

धातूचा बारीक आवाज आला, मग शिडीचा.

"ठेवली," तुळशीराम म्हणाला. "आलो वर. पण पोरी, इथं लोक येऊन बसले हायेत. खड्ड्याच्या काठाशी. सकाळपासून. लेकरं घेऊन. त्यायले वाटते आज लाईट येते. मी काय सांगू त्यायले? कधी येईन?"

यशोधरानं फोन कानावरून खाली घेतला आणि बहिणीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. संघमित्रानं फोन घेतला.

"तुळशीभाऊ, मी संघमित्रा."

"बोला मॅडम."

"त्यांना सांगा, माहीत नाही. मला माहीत नाही असं सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

तुळशीरामनं फोन तसाच हातात धरून ठेवला असावा, कारण पुढचं दोघींनाही स्पष्ट ऐकू आलं. त्यानं लोकांकडे वळून ते शब्द मोठ्यानं, एकही न बदलता सांगितले. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितले. मग एका बाईनं विचारलं, तिच्या मुलाला कुठे न्यायचं.